काळी-पिवळी टॅक्सीच्या इंजिनाचा पूर्वज घेऊन ५४ वर्षांच्या नुव्होलारीने भल्याभल्यांना घाम फोडला होता

उपनगरात रिक्षांचं राज्य. पण पहाटे विमानतळ गाठायचं असेल किंवा लग्नाचं सामान न्यायचं असेल, तर अंधेरीपासून मुलुंडपर्यंत सगळ्यांना काळी-पिवळी ‘फियाट’च आठवायची. वर कॅरिअर, आत ऐसपैस सीट आणि स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर. गाडी दणकट होती, पण तिच्याबद्दल एक तक्रार कायम असायची, ती म्हणजे ही पळत नाही.

तक्रार खोटी नव्हती. १०८९ सीसीचं इंजिन आणि ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. आज साधी हॅचबॅक यापेक्षा जास्त ताकद घेऊन फिरते.

पण या इंजिनाची मापं जरा बघा. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ७५ मिलिमीटर. अगदी याच मापांचं इंजिन फियाटने इटलीत १९३७ साली गाडीत बसवलं होतं. त्यानंतर १० वर्षांनी त्याच घराण्यातलं, थोडं ताणून जास्त ताकदीचं केलेलं इंजिन घेऊन एक माणूस सुमारे १८०० किलोमीटरच्या शर्यतीत उतरला. समोर त्याच्या अडीचपट मोठ्या इंजिनाच्या गाड्या होत्या. त्याचं वय ५४ होतं आणि फुप्फुसं निकामी होत आली होती. तरीही निम्म्याहून जास्त शर्यत झाल्यावर पहिला तोच होता.

त्याचं नाव तात्सिओ नुव्होलारी. कमी ताकदीची गाडी ट्रॅकवर कशी पळवायची, हे ज्याच्या आयुष्याकडे बघून शिकता येतं असा हा माणूस. त्याचीच ही गोष्ट.

सायकलवाल्यांच्या घरातला पोरगा

नुव्होलारीचा जन्म १६ नोव्हेंबर १८९२ चा. उत्तर इटलीत मांतुआ शहराजवळ कास्तेल दारिओ नावाचं गाव आहे, तिथला. घर शेतकऱ्याचं, पण वडील आर्तुरो आणि काका ज्युसेप्पे दोघेही सायकल शर्यतीत उतरायचे. काका तर इटलीचा नावाजलेला सायकलपटू होता.

सायकलच्या शर्यतीत एक गोष्ट अंगात मुरते. वेग स्वतःच्या पायांनी कमवावा लागतो, त्यामुळे तो उगाच ब्रेक लावून घालवायचा नसतो. पुढे नुव्होलारीने गाडी जशी चालवली, त्यात घरच्या या वातावरणाचा वाटा असणारच.

अंगकाठी किरकोळ, उंची जेमतेम साडेपाच फुटांच्या आसपास. पहिल्या महायुद्धात तो इटलीच्या सैन्यात ड्रायव्हर होता. १९१७ साली कारोलिनाशी लग्न झालं. मोटरसायकलच्या शर्यतीत तो उतरला १९२० साली, म्हणजे वयाच्या २७ व्या वर्षी. या वयात बरेच जण शर्यती सोडायचा विचार करतात.

उशिरा आला, पण आल्यावर थांबला नाही. बियांकी कंपनीच्या ३५० सीसी मोटरसायकलवर त्याने इटली गाजवली. मोठ्या बाईक असलेल्यांनाही तो जड जायचा.

पट्ट्या बांधून जिंकलेली शर्यत

१९२५ साली अल्फा रोमिओ कंपनीला नवा ड्रायव्हर हवा होता. त्यांचा अव्वल ड्रायव्हर अंतोनिओ आस्कारी फ्रान्समधल्या शर्यतीत मरण पावला होता. मोंझाच्या ट्रॅकवर चाचणीसाठी नुव्होलारीला बोलावलं गेलं. वेळ चांगली लागत होती, तेवढ्यात गिअरबॉक्स जाम झाला आणि गाडी ट्रॅकबाहेर गेली. पाठ सोलवटून निघाली, अंगभर जखमा झाल्या.

सहा दिवसांनी त्याच मोंझावर मोटरसायकलची मोठी शर्यत होती. नुव्होलारीने डॉक्टरांकडून अंगाला पट्ट्या अशा बांधून घेतल्या की शरीर मोटरसायकलवर बसलेल्या अवस्थेतच राहावं. पोटाला उशी बांधली. त्या काळी बाईक ढकलून सुरू करावी लागे, म्हणून मेकॅनिकांनी त्याला उचलून बसवलं. वरून पाऊस पडत होता. ती शर्यत त्याने जिंकली आणि ३५० सीसी गटात युरोपचा विजेता ठरला.

हे धाडस वाचायला भारी वाटतं, पण त्याची किंमत तो आयुष्यभर मोजत राहिला. हाडं मोडणं, जखमा शिवून घेणं, पुन्हा उभं राहणं हा त्याचा नेमच झाला. १९३४ साली पाय मोडलेला असताना तो बर्लिनच्या आव्हुस ट्रॅकवर प्लास्टरसकट उतरला. तिन्ही पेडल डाव्या पायाने दाबता यावेत अशी गाडीत सोय करून घेतली आणि पाचवा आला.

वळणावर तो करायचा तरी काय?

१९२० च्या दशकाच्या शेवटी त्याने जमीन विकून बुगाटी गाड्या घेतल्या, स्वतःचा संघ काढला आणि हळूहळू तो पूर्णपणे चारचाकीकडे वळला. १९३० साली इटलीतली ‘मिल्ले मिलिया’ ही शर्यत त्याने जिंकली. नावाचा अर्थ हजार मैल. ब्रेशिया शहरातून निघायचं, साध्या रस्त्यांवरून रोमपर्यंत जायचं आणि परत ब्रेशियाला यायचं. एवढ्या लांब शर्यतीत ताशी १०० किलोमीटरपेक्षा जास्त सरासरी पहिल्यांदा त्यानेच गाठली.

त्याच्या तंत्राचं सगळ्यात चांगलं वर्णन केलंय एन्झो फेरारीने. तेव्हा फेरारी स्वतःच्या नावाच्या गाड्या बनवत नव्हता, अल्फा रोमिओच्या गाड्यांचा रेसिंग संघ चालवायचा. १९३१ साली एका शर्यतीच्या सरावात तो नुव्होलारीच्या शेजारी बसला आणि तो अनुभव त्याने पुढे आठवणींत लिहिला.

पहिलंच वळण आलं तेव्हा फेरारीला वाटलं, आता आपण खड्ड्यात जाणार. कारण नुव्होलारीने इतरांपेक्षा खूप लवकर गाडीचं तोंड वळणाच्या आतल्या कडेकडे फिरवलं होतं. फेरारीने अंग आक्रसून घेतलं. प्रत्यक्षात गाडी चारही चाकांवर एकसारखी बाहेर घसरत गेली आणि वळण संपलं तेव्हा तिचं तोंड पुढच्या सरळ रस्त्याकडे होतं. नुव्होलारीचा चेहरा शांत होता. पुढच्या वळणांवर फेरारीने त्याच्या पायाकडे नीट बघितलं, तर ॲक्सिलरेटरवरचा पाय वळणातही उठत नव्हता.

पुढे मोटर रेसिंगमध्ये ‘फोर व्हील ड्रिफ्ट’ म्हणून जे ओळखलं गेलं, ते हेच. त्या काळच्या टायरची पकड बेताची असायची. गाडी घसरणारच होती, मग तिची घसरण आपल्या सोयीची करून घ्यायची, हा त्याचा हिशोब. स्टिअरिंगने गाडी वळवत बसण्यापेक्षा घसरणीने तिचं तोंड फिरवायचं आणि इंजिनाला श्वास सोडू द्यायचा नाही.

दहा किलोमीटरचा वेग आणि दोन गाड्या

आता थोडं गणित करूया, कारण कमी ताकदीच्या गाडीचं सगळं गुपित त्यातच आहे.

समजा, ड्रायव्हरसकट १००० किलो वजनाच्या दोन गाड्या आहेत. एकीची ताकद ४० अश्वशक्ती, दुसरीची २००. दोघींनी एकाच वळणावर ब्रेक थोडा जास्त दाबला आणि ताशी ७० च्या जागी ६० च्या वेगाने वळणातून बाहेर पडल्या. हवेचा अडथळा आणि गिअरमध्ये वाया जाणारी ताकद बाजूला ठेवली, तर गमावलेले १० किलोमीटर परत मिळवायला मोठ्या गाडीला एक तृतीयांश सेकंद लागेल. छोट्या गाडीला लागतील दीड सेकंदाहून जास्त.

ट्रॅकवर अशी १० वळणं धरा. मोठ्या गाडीवाल्याचे एका लॅपमध्ये सुमारे ३.४ सेकंद गमावलेला वेग परत मिळवण्यात जातील, तर छोट्या गाडीवाल्याचे सुमारे सतरा सेकंद. म्हणजे एकच चूक, पण एकाला माफ होते आणि दुसऱ्याला भोवते.

म्हणूनच ताकदवान गाडी आणि अशक्त गाडी एकाच वळणावर वेगळ्या रेषेने जातात.

ताकदवान गाडीवाला वळणाच्या तोंडाशी जोरात ब्रेक लावतो, गाडी पटकन फिरवतो आणि लवकर सरळ करून ॲक्सिलरेटर दाबतो. वळणात वेळ गेला तरी सरळ रस्त्यावर तो भरून निघतो. छोट्या गाडीकडे ही उधारी फेडण्याची ऐपत नसते. तिने रस्त्याची पूर्ण रुंदी वापरायची. बाहेरच्या कडेने आत शिरायचं, मध्ये आतली कड गाठायची आणि पुन्हा बाहेरच्या कडेला जाऊ द्यायचं. वळण जितकं मोठ्या गोलाचं होईल तितका वेग टिकतो. गोलाची त्रिज्या २१ टक्के वाढवली, तर तेवढ्याच पकडीत वेग १० टक्के जास्त ठेवता येतो.

दुसरी गोष्ट ब्रेकची. कमी ताकदीच्या गाडीचा ब्रेक गरजेपुरताच दाबायचा आणि हळूहळू सोडायचा. अनेकांची चूक अशी होते की सरळ रस्त्यावर उशिरापर्यंत थांबून ब्रेक कचकन दाबतात. बघणाऱ्याला ते शूर वाटतं, पण गाडी वळणात गरजेपेक्षा हळू शिरते. उलट फार वेगात शिरलात, तर मध्येच पाय उचलावा लागतो आणि पुढच्या सरळ रस्त्याचा वेग जातो. दोन्हीकडे नुकसानच.

तिसरी गोष्ट गिअरची. छोटं इंजिन ठराविक फेऱ्यांच्या पट्ट्यातच जोर देतं. त्या पट्ट्याखाली गेलं की ते रडायला लागतं. म्हणून वळणात शिरण्याआधीच योग्य गिअर पडलेला असायला हवा. नुव्होलारीच्या काळात गिअर आजच्यासारखे लोण्यासारखे पडत नसत. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांचा मेळ पायांनीच साधावा लागे.

चौथी गोष्ट हातांची. स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवलं की पुढची चाकं रस्त्याला घासतात आणि न दाबलेल्या ब्रेकचं काम करतात. हात जितके शांत, तितका वेग शिल्लक.

११०० सीसीवर आयर्लंडमध्ये बाजी

१९३२ साली नुव्होलारी युरोपचा विजेता झाला. त्याच वर्षी कवी गाब्रिएले दानुन्झिओने त्याला सोन्याचं छोटं कासव भेट दिलं. सगळ्यात वेगवान माणसाला सगळ्यात हळू प्राणी, अशी त्यामागची कल्पना. नुव्होलारी पुढे ते कासव आपली शुभखूण म्हणून बाळगू लागला.

१९३३ साली त्याने मिल्ले मिलिया पुन्हा जिंकली, फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यतही जिंकली. आणि सप्टेंबरमध्ये तो बेलफास्टजवळच्या टुरिस्ट ट्रॉफी शर्यतीत उतरला. गाडी होती ब्रिटिश एमजी कंपनीची के-३ मॅग्नेट, इंजिन १०८७ सीसीचं. इंजिनात हवा कोंबणारा सुपरचार्जर होता, त्यामुळे ते आपल्या फियाटइतकं गरीब नव्हतं. पण मोठ्या गाड्यांसमोर ती लहानच. शर्यतीत गाडीच्या आकारानुसार सूट दिली जायची, तरी ती सूट पुरवून शेवटपर्यंत टिकवणं ड्रायव्हरच्या हातात होतं.

या गाडीचा गिअरबॉक्स त्याच्यासाठी नवा होता. गिअर आधी निवडून ठेवायचा आणि पेडल दाबल्यावर तो पडायचा, अशी त्याची रचना. सवय नसलेला माणूस यात हमखास गोंधळतो. नुव्होलारीने थोड्याशा सरावात ते आत्मसात केलं, शर्यतीत ११०० सीसी गटाचा लॅपचा विक्रम वारंवार मोडला आणि ट्रॉफी घेऊन इटलीला परतला.

जर्मनीत जर्मनांना हरवलं

त्याच्या नावाशी कायमची जोडली गेलेली शर्यत मात्र २८ जुलै १९३५ ची. ठिकाण जर्मनीतलं नुर्बुर्गरिंग. एक लॅप सुमारे २३ किलोमीटरचा, डोंगर, जंगल, चढउतार आणि वळणांमागून वळणं. असे २२ लॅप मारायचे.

हिटलरच्या राजवटीने मोटर रेसिंगला प्रतिष्ठेचा विषय केलं होतं आणि मर्सिडीज व ऑटो युनियन या कंपन्यांना सरकारी पैसा मिळत होता. त्या दिवशी दोघांच्या मिळून नऊ गाड्या होत्या. नुव्होलारीकडे होती फेरारीच्या संघाची जुनी होत चाललेली अल्फा रोमिओ पी-३. जर्मन गाड्यांपेक्षा तिची ताकद सुमारे १०० अश्वशक्तीने कमी होती.

रस्ता ओला होता. सुरुवात चांगली झाली नाही, पण दहाव्या लॅपपर्यंत तो सगळ्यांना मागे टाकून पुढे आला. मग पिटमध्ये घोळ झाला. पेट्रोल भरायचा दाबाचा पंप बिघडला आणि मेकॅनिकांना कॅनने पेट्रोल ओतावं लागलं. इतरांना मिनिटाच्या आसपास लागलं, तिथे त्याला सव्वादोन मिनिटं लागली. तो सहाव्या क्रमांकावर घसरला.

तिथून त्याने एकेकाला गाठायला सुरुवात केली. शेवटचा लॅप सुरू झाला तेव्हा पुढे फक्त मर्सिडीजचा मानफ्रेड फॉन ब्राउखिच उरला होता, अर्ध्या मिनिटाच्या अंतरावर. ब्राउखिच मागे बघत गाडी ताणत होता आणि त्याचे टायर झिजत चालले होते. शेवटच्या लॅपमध्ये मागचा टायर फुटला. लाखो प्रेक्षकांसमोर लाल अल्फा पहिली आली.

लोक याला नशीब म्हणतात. टायर फुटणं नशिबाचाच भाग, हे खरं. पण टायर फुटेपर्यंत समोरच्याला पळायला लावणं नशिबाने होत नाही. कमी ताकदीची गाडी टायर कमी खाते आणि तिचा ड्रायव्हर शांत असेल तर शेवटी त्याचा फायदा मिळतो. तो फायदा घेण्याइतका जवळ तो पोहोचला होता.

मोठी गाडी मिळाली असती तर तो काय करू शकला असता, याचंही उत्तर मिळालं. १९३८ साली तो त्याच ऑटो युनियनसाठी धावला आणि इटालियन ग्रांप्री व इंग्लंडमधली डोनिंग्टन ग्रांप्री जिंकला. ३ सप्टेंबर १९३९ ला बेलग्रेडमधली शर्यतही त्याने जिंकली. त्याच दिवशी ब्रिटन आणि फ्रान्सने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. पुढची काही वर्षं शर्यतींना कोणी विचारणार नव्हतं.

घरात उरले दोघंच

ट्रॅकवर मरणाला इतक्या वेळा चकवणाऱ्या या माणसाच्या घरात मात्र मरण दुसऱ्या दाराने आलं.

त्याला दोन मुलगे होते. थोरला ज्योर्जो १९३७ साली हृदयाच्या आजाराने गेला, तेव्हा नुव्होलारी शर्यतीसाठी अमेरिकेला निघालेला होता. धाकटा अल्बेर्तो १९४६ साली मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. दोघंही गेले तेव्हा १८ वर्षांचे होते.

त्याची स्वतःची तब्येतही ढासळत होती. वर्षानुवर्षं उघड्या गाड्यांमध्ये बसून इंजिनाचा धूर छातीत गेला होता. दम लागायचा, खोकल्यातून रक्त पडायचं. शर्यत सोडायला याहून मोठं कारण कोणतं हवं होतं? पण मुलं गेलेल्या रिकाम्या घरात बसणं त्याला त्या धुरापेक्षा कठीण गेलं असावं. अल्बेर्तो गेला त्याच वर्षी तो पुन्हा ट्रॅकवर दिसला.

फियाटचं इंजिन आणि एक हातात आलेलं स्टिअरिंग

युद्धानंतर इटलीकडे पैसा नव्हता. मोठ्या रेसिंग गाड्या कोण बनवणार? तेव्हा तुरीनमधल्या पिएरो दुसिओ या उद्योजकाने चिसितालिया नावाची कंपनी काढून स्वस्तातली रेसिंग गाडी बनवायचं ठरवलं. आराखडा केला दान्ते जाकोसाने, म्हणजे फियाटच्याच मुख्य डिझायनरने. इंजिन घेतलं फियाट ११०० चं. गाडी हलकी, ताकद सुमारे ६० अश्वशक्ती.

सप्टेंबर १९४६ मध्ये तुरीनच्या शर्यतीत ही गाडी पहिल्यांदा उतरली आणि नुव्होलारीच्या हातात चक्क स्टिअरिंगचं चाक निघून आलं. त्याने उरलेल्या दांड्याला धरून गाडी चालवली आणि सुटलेलं चाक हातात धरून पिटमधल्या लोकांना दाखवत पुढे गेला.

मग आला जून १९४७. युद्धानंतरची पहिली मिल्ले मिलिया. नुव्होलारीकडे ११०० सीसीची उघडी चिसितालिया २०२. सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी क्लेमेंते बिओंदेत्ती, त्याच्याकडे आठ सिलिंडरची २९०० सीसी अल्फा रोमिओ, तीही बंद छताची.

सरळ रस्त्यावर या दोन गाड्यांची तुलनाच नव्हती. पण इटलीच्या मधोमध अपेनाइन डोंगर आहेत. तिथल्या घाटांत सरळ रस्ता कमी आणि वळणं जास्त. तिथे नुव्होलारीने वेग सोडला नाही. रोमला तो पहिला होता. उत्तरेकडे परतताना घाट संपल्यावरही पहिला तोच होता.

शेवटच्या टप्प्यात तुरीन ते ब्रेशिया सपाट रस्ता लागला आणि आभाळ फाटलं. उघड्या गाडीत पाणी भरलं, इंजिनाची ठिणगी देणारी यंत्रणा भिजली आणि गाडी बंद पडली. ती सुकवून पुन्हा सुरू करण्यात मोलाची मिनिटं गेली. बिओंदेत्ती सुमारे १६ मिनिटांनी जिंकला. नुव्होलारी दुसरा आला. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावरही ११०० सीसीच्या चिसितालियाच होत्या.

या निकालातून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. तंत्राने छोटी गाडी मोठीच्या बरोबरीला आणता येते, पण तिला चुकीसाठी किंवा दुर्दैवासाठी शिल्लक काही उरत नाही. मोठ्या गाडीचा एखादा बिघाड सरळ रस्त्यावर भरून निघाला असता. छोटीकडे तेवढी ताकदच नव्हती.

पुढच्या वर्षी फेरारी घेऊन त्याने पुन्हा प्रयत्न केला. मडगार्ड गेलं, बॉनेट उडालं, तरी तो आघाडीवर होता. शेवटी मागच्या स्प्रिंगचा जोड तुटला आणि थांबावं लागलं. एप्रिल १९५० मध्ये सिसिलीतल्या मोन्ते पेल्लेग्रिनो डोंगराच्या चढाईत तो शेवटचा धावला. गाडी पुन्हा ११०० सीसी गटातलीच. त्या गटात तो पहिला आला.

१९५२ साली त्याला अर्धांगवायूचा झटका आला. ११ ऑगस्ट १९५३ ला मांतुआत तो गेला. अंत्ययात्रेला हजारो माणसं लोटली. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला पिवळा जर्सी, निळी पँट आणि चामड्याची टोपी अशा शर्यतीच्या वेशातच निरोप देण्यात आला.

मांतुआ ते कुर्ला

१९५३ याच वर्षी फियाटने ११०० ची नवी आवृत्ती बाजारात आणली. बॉडी नवी, पण इंजिन त्याच ६८ बाय ७५ च्या घराण्यातलं. हीच गाडी पुढे आपल्याकडे कुर्ल्यात बनू लागली.

कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली कंपनी. योगायोग असा की वालचंदही १९५३ सालीच, एप्रिलमध्ये गेले. कारखाना होता आजच्या एलबीएस मार्गावर, जो रस्ता पुढे घाटकोपर, भांडुप करत मुलुंडला जातो. तिथून फियाट ११०० निघाली, मग ‘डिलाइट’ आणि १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’. इटलीत फियाटने मोठी इंजिनं घातली, आपल्याकडे १०८९ सीसीच चालत राहिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला.

ही गाडी आपल्याकडेही ट्रॅकवर धावली. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे फियाट ११०० ला सुधारून उतरवणारे हौशी लोक होते. पुढे मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिन बसवलेली ‘फॉर्म्युला मारुती’ आली, मग स्विफ्टचं इंजिन असलेली ‘फॉर्म्युला एलजीबी’. या गाड्यांत सगळ्यांची ताकद सारखी आणि बेताचीच. जिंकतो तो, ज्याने वळणावर कमी वेग गमावला. आपल्याकडचे अनेक रेसर याच शाळेत तयार झाले.

मग आपण काय घ्यायचं?

नुव्होलारीची प्रत्येक गोष्ट आज तशीच उचलता येत नाही. चार चाकांवर घसरत जाणं त्या काळच्या अरुंद टायरना मानवायचं. आजचे रेडिअल टायर अगदी थोड्या घसरणीत सगळ्यात जास्त पकड देतात. त्यापुढे गाडी घसरवली की धूर आणि आवाज निघतो, वेळ मात्र वाया जातो. आज वेग टिकवायचा तर गाडी नीटनेटकीच चालवावी लागते.

शिकायला सोपी जागा म्हणजे गो-कार्टिंग. कार्टची ताकद कमी असते, त्यामुळे तुम्ही कुठे वेग घालवला ते लगेच कळतं. तीन लॅप नेहमीसारखे मारा. मग पुढचे तीन लॅप ब्रेक थोडा आधी आणि हलका दाबून, रस्त्याची पूर्ण रुंदी वापरून मारा. वेळेचा कागद हातात आला की फरक दिसेल. त्यानंतर कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर प्रशिक्षण घेता येतं.

पण रात्री अडीच वाजता वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर यातलं काहीही करायला जाऊ नका. इथे सांगितलेली वळणाची रेषा रस्त्याची पूर्ण रुंदी मागते आणि हायवेवर ती रुंदी तुमची एकट्याची नसते. ट्रॅकवर वळणाबाहेर मोकळी जागा आणि टायरची भिंत असते, तर बोरिवलीच्या पुलाखाली वळणाबाहेर माणूस उभा असतो.

नुव्होलारीने जे धोके घेतले ते बहुतेक स्वतःच्या अंगावर घेतले आणि त्यांचा हिशोब त्याच्या हाडांनी आणि फुप्फुसांनी चुकता केला. त्याच्याकडून घ्यायचीच असेल, तर दुसरी गोष्ट घ्या. आपल्या गाडीत ताकद कमी आहे याची तक्रार करत तो बसला नाही. आहे त्या ताकदीतला किती भाग आपण स्वतःच्या पायाने वाया घालवतो, एवढंच तो बघत राहिला. आणि ते मोजायला ४० अश्वशक्तीची गाडीसुद्धा पुरते.